अंदमान : भिंतीआधीचा तुरुंग

पहिला दिवस : चॅथम

चेन्नईहून निघालेले विमान साधारण दोन तासांत बंगालचा उपसागर ओलांडून पोर्ट ब्लेअरच्या टेकड्यांवर उतरते. सप्टेंबर २०२४ पासून या शहराचे सरकारी नाव श्री विजयपुरम झाले आहे, पण रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. इथे येणारा मराठी प्रवासी बहुधा हॉटेलात सामान टाकतो आणि थेट सेल्युलर जेल गाठतो. आम्ही मात्र जेल मुद्दाम मागे ठेवले होते. कैद्यांच्या ज्या वसाहतीच्या, म्हणजे काळ्या पाण्याच्या, नावाने आपल्याकडे माणसे शहारत, ती सुरू झाली १८५८ मध्ये. सेल्युलर जेल बांधून पुरे झाले १९०६ मध्ये. मधल्या ४८ वर्षांत जे हजारो कैदी या बेटांवर आणले गेले, त्यांच्यासाठी असे दगडविटांचे भव्य कारागृह नव्हते, कारण चहूबाजूंच्या समुद्रामुळे सरकारला त्याची गरजच वाटली नव्हती. त्या माणसांच्या मागावर जायचे, तर त्यांच्याच क्रमाने जावे लागते, आणि तो क्रम चॅथमपासून सुरू होतो.

चॅथम हे बंदरातले चिमुकले बेट आता पुलाने शहराला जोडलेले आहे. १८८३ मध्ये सुरू झालेली सरकारी लाकूड गिरणी आजही तिथे चालते, आणि बहुतेक लोक ती गिरणी, पडौकच्या लालसर फळ्या आणि दुसऱ्या महायुद्धातला बाँबचा खड्डा पाहून परततात. वास्तविक इंग्रजांनी या बंदरात दोनदा पाय रोवले. पहिल्यांदा १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर या आरमारी अधिकाऱ्याने वसाहत मांडली. पुढे ती उत्तर अंदमानात हलवली गेली आणि रोगराईने माणसे मरू लागल्यावर १७९६ मध्ये गुंडाळली गेली. दुसऱ्या वेळचे कारण वेगळे होते. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातले तुरुंग भरून वाहू लागले, आणि जन्मठेप झालेल्या शिपायांना इतर कैद्यांत ठेवणे सरकारला धोक्याचे वाटू लागले. डॉ. मोआट यांच्या समितीने बेटांची पाहणी करून अनुकूल अहवाल दिला, २२ जानेवारी १८५८ रोजी कॅप्टन हेन्री मॅनने इथे निशाण लावले, आणि १० मार्च रोजी आग्र्याच्या तुरुंगाचा अनुभव गाठीशी असलेला डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैदी घेऊन ‘सेमिरॅमिस’ जहाजातून बंदरात शिरला.

ते कैदी उतरले तेव्हा बेटावर डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असे जंगल होते. हातात कुऱ्हाडी, अंगावर बेड्या आणि वर लवकरच फुटणारा पावसाळा अशी ती सुरुवात होती. पाण्याची टंचाई पडल्याने वॉकरने आपला तळ लौकरच चॅथमवरून समोरच्या रॉस बेटावर हलवला. त्या पहिल्या काही दिवसांतच नारायण नावाच्या कैद्याने चॅथमवरून पोहून पळण्याचा प्रयत्न केला. त्याला पकडून आणून खटल्याचा सोपस्कार उरकून फाशी देण्यात आले. गिरणीच्या आवारात या नावाची खूण आम्हाला कुठे आढळली नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच इथे अंधार पडू लागतो, कारण बेटे पार पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलेच. तेव्हा प्रवाशाने दिवस पहाटेपासून मोजावा हे बरे.

दुसरा दिवस : रॉस

अबर्डीन जेट्टीवरून रॉसला जायला बोट लागते. २०१८ पासून बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे आहे. पाऊण-एक तासात सगळे बेट पायी फिरून होईल, इतके ते लहान. आणि तरी १८५८ पासून १९४२ मध्ये जपानी सैन्य येईपर्यंत संपूर्ण अंदमानचा कारभार इथूनच चालला. चीफ कमिशनरचा बंगला, नाचघर, बेकरी, प्रेस्बिटेरियन चर्च, टेनिसचे मैदान, पोहण्याचा हौद असा सगळा साहेबी थाट इथे होता. १९४१ च्या जूनमधल्या भूकंपाने तो हादरला, युद्धाने उरलेला संपवला आणि आता वडापिंपळाच्या जातीच्या झाडांनी त्याचा ताबा घेतला आहे. नाचघराच्या एका भिंतीपाशी मी बराच वेळ उभा होतो. मनगटाएवढी मुळे खिडकीच्या चौकटीतून आत येऊन, चुन्याच्या सांध्यांत शिरून, विटांची एकेक ओळ जागची उचलत खाली उतरली होती, आणि मूळ कापले तर भिंत पडेल, ठेवले तरी पडेल, अशी दोघांची अवस्था झाली होती. बरोबरचे लोक हरणांना बिस्किटे खाऊ घालत होते. हे अवशेष सुंदर दिसतात, यात शंका नाही. पण या विटा कोणी वाहिल्या, याचा उल्लेख फलकांवर एखाददुसऱ्या ओळीपलीकडे नाही.

रॉसवरचे पहिले तीन महिने समजून घ्यायला वॉकरने १८५८ च्या जूनमध्ये वर पाठवलेला हिशेब पुरेसा आहे. तोवर एकूण ७७३ कैदी पोहोचले होते. त्यांपैकी ६४ इस्पितळात मेले. १४० पळाले आणि सापडले नाहीत, म्हणजे उपासमारीने किंवा आदिवासींच्या बाणांनी गेले असे गृहीत धरले गेले. एकाने आत्महत्या केली. आणि ८७ जणांना पळाल्याबद्दल फासावर लटकवले. उरले ४८१. धान्याच्या कोठाराचा हिशेब द्यावा तसा हा हिशेब आहे, आणि त्याची बेरीज-वजाबाकी अगदी बिनचूक जुळते. यांतले ८६ जण तर एकाच दिवशी फाशी गेले. कोलकात्यातल्या सरकारलाही हे अती वाटले आणि पळालेल्यांना सरसकट फाशी देणे थांबवण्याचा हुकूम सुटला. मात्र वॉकर त्यानंतरही वर्षभर अधिकारावर राहिला.

कैदी पळत होते ते कुठे, हा प्रश्न मनात येतोच. त्यांच्यात अशी बोलवा होती की हे बेट पुढे ब्रह्मदेशाला जोडलेले आहे आणि काही दिवस जंगल तुडवले की तिथल्या राजाचा मुलूख लागतो. या भरवशावर माणसे ओंडक्यांचे तराफे करून खाडी ओलांडत आणि मुख्य बेटाच्या जंगलात शिरत. २३ एप्रिल १८५८ रोजी अशाच एका टोळीबरोबर दूधनाथ तिवारी हा २७६ नंबरचा कैदी पळाला. साथीदार मारले गेले, हा जखमी अवस्थेत आदिवासींच्या हाती लागला, आणि का कोण जाणे, त्यांनी त्याला जिवंत ठेवले. वर्षभर तो त्यांच्यात राहिला, त्यांची भाषा शिकला, त्यांच्यातल्या लीपा नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. मे १८५९ मध्ये जमाती एकत्र येऊन अबर्डीनच्या ठाण्यावर चालून येत आहेत हे पाहताच तो निसटून इंग्रजांकडे आला आणि सगळा बेत सांगून मोकळा झाला. धनुष्यबाणांपुढे बंदुका आणि जहाजावरच्या तोफा. निकाल ठरलेला होता. तिवारीला पुढच्या वर्षी माफी मिळून तो मायदेशी गेला. तो जमातीतून निसटला तेव्हा लीपा गरोदर होती.

त्याला गद्दार म्हणणे सोपे आहे, आणि बेटांवर तसे म्हणणारे भेटतातही. परंतु मला त्या प्रसंगात वसाहतीचा सगळा डाव दिसतो : कैद्याने जंगल तोडायचे, जंगलात राहणाऱ्याने कैद्याला मारायचे, आणि दोघांच्या मरणातून वसाहत वाढत जायची. ग्रेट अंदमानी जमाती त्या वेळी हजारोंच्या संख्येने होत्या. लढाईपेक्षाही वसाहतीतून आलेल्या रोगांनी, विशेषतः गरमीने, म्हणजे उपदंशाने, आणि १८७७ च्या गोवराच्या साथीने, त्यांचा संहार केला. आज त्या समाजाची माणसे पन्नासच्या आसपास उरली आहेत. काळ्या पाण्याच्या इतिहासात त्यांना आपण सहसा मोजत नाही.

तिसरा दिवस : होपटाउन आणि माउंट हॅरिएट

चॅथमवरून फेरीबोटीने बांबू फ्लॅटला उतरले की डोंगराची वाट सुरू होते. माउंट हॅरिएटला २०२१ पासून माउंट मणिपूर म्हणतात. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे कुलचंद्र ध्वज सिंह आणि त्यांचे साथीदार इथे आणून ठेवले होते, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. वाटेत एका वळणावरून जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरचा देखावा दिसतो, आणि तिथे खिशातून नोट काढून जुळवून पाहण्याची रीतच पडून गेली आहे. आमच्या पाकिटात नवी नोट निघाली.

८ फेब्रुवारी १८७२ च्या दुपारी गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याच डोंगरावर चढला होता. वसाहतीची तपासणी करायला तो आला होता, आणि इथे आरोग्यधाम काढता येईल का, हे त्याला पाहायचे होते. सूर्यास्त पाहून मशालींच्या उजेडात तो खाली होपटाउनच्या धक्क्यावर पोहोचला, बोटीत पाऊल टाकणार इतक्यात अंधारातून शेर अली आफ्रिदी झेपावला आणि त्याने पाठीत दोन वार केले. ब्रिटिश हिंदुस्थानचा एक गव्हर्नर जनरल आपल्या कारकिर्दीत मारला गेला तो एकदाच, आणि तोही एका कैद्याच्या हातून.

शेर अली हा तिराहकडचा पठाण. इंग्रजांच्याच चाकरीत, पेशावरच्या घोडेस्वार पोलिसांत होता. घराण्यातल्या वैरातून झालेल्या खुनाबद्दल १८६७ मध्ये त्याला फाशी सुनावली गेली आणि मग ती जन्मठेपेवर आली. आमच्या मुलुखात वैऱ्याला मारणे हा गुन्हाच नाही, असे त्याचे म्हणणे होते. अंदमानात त्याचे वागणे इतके चांगले मानले गेले की त्याला होपटाउनला न्हाव्याचे काम करण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे हत्यार त्याच्या हाती राहील अशीच व्यवस्था सरकारने केली होती. कोणाच्या सांगण्यावरून हे केलेस, असे विचारल्यावर खुदाच्या हुकमाने, एवढेच उत्तर त्याने दिले. कट शोधण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, हाती काही लागले नाही. धक्क्याच्या जागी आज पाहण्याजोगे फारसे काही नाही. मासेमारीच्या होड्या आणि एक टपरी. आम्ही चहा घेतला आणि परतीची बोट पकडली.

चौथा दिवस : वायपर

शेर अलीचा शेवट वायपर बेटावर झाला, ११ मार्च १८७२ रोजी. ब्लेअरच्या जहाजाचे नाव मिळालेले हे बेट बंदराच्या आतल्या अंगाला आहे आणि टेकाडावरची घुमटाची फाशीघराची इमारत बोटीतूनच नजरेत भरते. प्रवासी इमारतीसमोर फोटो काढतात, आत वाकून तुळई पाहतात आणि पंधरा मिनिटांत बोटीचा भोंगा होतो. मात्र खरी गोष्ट आहे ती उतारावर, गवतात बुडालेल्या भिंतींची. कर्नल फोर्डच्या अमदानीत, १८६४ ते १८६७ या काळात, इथे तुरुंग बांधला गेला. वसाहतीतही जे गुन्हा करत, पळताना सापडत किंवा हुकूम मानत नसत, त्यांना इथे एकाच साखळीत गुंफून ठेवत आणि तशाच अवस्थेत त्यांच्याकडून काम घेत. अंदमानातून आणखी कुठे पाठवायचे, तर वायपरला.

एरवीची व्यवस्था अशी होती. नव्या चलानमधल्या, म्हणजे नव्याने आलेल्या तुकडीतल्या, कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला अडकवत. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. आधी बेडीतली मजुरी, मग टोळीतली मजुरी, आणि साधारण दहा वर्षे नीट वागल्यास स्वतःचे पोट स्वतः भरण्याची सवलत. अशा कैद्याला जमिनीचा तुकडा, दुकान किंवा गुरे सांभाळता येत, आणि बायको आणता येई किंवा इथल्याच स्त्रीकैद्याशी लग्न करता येई. देखरेखीला गोरे अधिकारी मूठभर. बाकी सगळा अंमल वॉर्डर, टिंडाल, पेटी ऑफिसर, जमादार यांचा, म्हणजे बढती मिळालेल्या कैद्यांचाच. खून करून आलेला माणूस दहा वर्षांनी दुसऱ्या कैद्याच्या पाठीवर दंडुका चालवू लागे, आणि तो जितका निर्दय, तितकी त्याची चढण सोपी. वसाहत स्वस्तात चालली ती या युक्तीने.

पाचवा दिवस : सेल्युलर जेल

आता जेलकडे येताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. १८९० मध्ये सरकारने लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांना वसाहतीची पाहणी करायला पाठवले. त्यांच्या ध्यानात आले की हिंदुस्थानातल्या तुरुंगांतले कैदी आपणहून अंदमान पसंत करू लागले आहेत, कारण काही वर्षे काढली की तिथे उघड्यावर जगता येते. काळ्या पाण्याची दहशत ओसरली, हे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून आल्याबरोबर पहिले काही महिने प्रत्येकाला एकट्याला कोंडायचे, अशी शिफारस झाली आणि १८९६ मध्ये जेलचे बांधकाम सुरू झाले. बांधणारे अर्थात कैदीच. राजकीय कैद्यांसाठी हे जेल बांधले, असा आपल्याकडचा समज आहे. तो खरा नाही. ते नंतर आले.

मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती निघतात. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. बाकीच्या भूकंपात, जपानी अमलात आणि नंतर पडल्या-पाडल्या गेल्या, आणि त्या आवारात गोविंद वल्लभ पंत रुग्णालय उभे राहिले. सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येक साधारण साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद, मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, त्यामुळे समोरच्या कोठडीत माणूस दिसण्याची सोयच नाही. मी दाराच्या कडीपाशी वाकून पाहिले. लोखंडी अडसर दारातून निघून बाजूच्या भिंतीतल्या खाचेत जातो आणि तिथे, दारापासून हातभर दूर, कुलूप लागते. आतून गजांमधून हात खांद्यापर्यंत बाहेर काढला तरी बोटे त्या खाचेला पोहोचत नाहीत. ती लांबी कोणीतरी मोजून ठरवली असणार. आराखडा करणाऱ्याने कैद्याचा हात किती लांब असतो, याचा विचार केला होता.

खालच्या छपरात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवला आहे. दिवसाला ३० पौंड खोबरेल तेल काढायचे. कमी पडले तर दंडाबेडी, खडी बेडी, उपास. कोलू नसेल तर नारळाचे सोडण कुटून काथ्या काढायचा, हात सोलवटून निघेपर्यंत. १९०९ नंतर अलीपूर बाँब खटल्यातले बारींद्रकुमार घोष, उल्लासकर दत्त यांसारखे बंगाली तरुण आले, नाशिकच्या खटल्यांतले बाबाराव सावरकर, वामनराव जोशी आले, पुढे पंजाबचे गदरवाले आले. इतर कैद्यांनी त्यांचे नाव ठेवले ‘बाँबगोळेवाले’. जेलर डेव्हिड बारी हा त्यांच्यावर खास डूख धरून होता. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीत गळफास घेतला; उल्लासकर दत्तांना छळाने वेड लागले. विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी आले, बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० घेऊन. सख्खे थोरले भाऊ याच भिंतींआड आहेत, हे त्यांना आल्यानंतरही बरेच दिवस कळू दिले गेले नव्हते. मे १९२१ मध्ये दोघांना मुख्य भूमीवर नेण्यात आले.

सातव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीसमोर रांग होती. सांगलीकडची मंडळी चपला बाहेर काढून आत जात होती, कपाळ टेकत होती, आणि त्यात वावगे काही नाही. सावरकरांनी सरकारकडे केलेल्या अर्जांवरून आपल्याकडे जो वाद चालतो, तोही त्या रांगेत दबक्या आवाजात चालूच होता. मला खटकले ते एवढेच, की त्या कोठडीच्या अलीकडच्या एकाही दारात कोणी थांबत नव्हते. १९३३ च्या अन्नसत्याग्रहात जबरदस्तीने नळीने दूध घालताना महावीर सिंह, मोहनकिशोर नमोदास आणि मोहित मैत्र गेले. १९३७ च्या मोठ्या उपोषणानंतर सरकार नमले आणि १९३८ च्या सुरुवातीपर्यंत राजकीय कैदी परत पाठवले गेले. त्यांची नावे मनोऱ्यातल्या फरशांवर प्रांतवार कोरलेली आहेत, आणि ती वाचायला अर्धा तास हवा. ज्या खुनी-दरोडेखोरांनी हीच भिंत रचली आणि हाच कोलू त्यांच्याइतकाच ओढला, त्यांची नावे कोरायला अर्थातच कोणी गेलेले नाही.

सहावा दिवस : साउथ पॉइंट आणि गावे

शेवटच्या दिवशी गाडी करून निघालो. साउथ पॉइंटला मौलाना फझल-ए-हक खैराबादींची कबर आहे; १८५७ च्या उठावात साथ दिल्याबद्दल आणलेला हा विद्वान १८६१ मध्ये इथेच वारला. याच भागात स्त्रीकैद्यांचा तुरुंग होता, जिथून लग्नेच्छू कैद्यांना वधू मिळत. पुढे मंजेरी, कालिकत, वंडूर अशी मलबारची नावे लागतात. १९२१ च्या मोपला बंडातल्या कैद्यांनी वसवलेली ही गावे. हंफ्रेगंजला ३० जानेवारी १९४४ रोजी जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ जणांना गोळ्या घातल्या, आणि त्याच महिन्यात पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग सेल्युलर जेलमधल्या छळाने गेले. म्हणजे इंग्रज गेले तरी जेल रिकामे राहिले नाही. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज परतले आणि कैद्यांची वसाहत अखेर मोडीत निघाली. ज्यांना जायचे ते गेले, ज्यांचे घरदार इथे झाले होते ते राहिले.

आमचा गाडीवान अशाच एका घरातला. इथे त्यांना ‘लोकल’ किंवा ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. त्याची बोली हिंदुस्थानी, पण पणजोबा पंजाबकडचा आणि पणजी अवधकडची. लग्न साउथ पॉइंटला ठरले, जात-पात विचारायला तिथे भटजी होता ना नातेवाईक. पणजोबांचे गाव कोणते, असे मी विचारले. तो म्हणाला, “गाँव का नाम घर में किसी को याद नहीं, साहब. दफ़ा याद है, तीन सौ दो.” सांगताना त्याला लाज वाटली नाही आणि अभिमानही दिसला नाही. सक्तमजुरी संपल्यावर पणजोबांना कसायला मिळालेला जमिनीचा तुकडा वंडूरच्या रस्त्यालगत आहे, आता तिथे रिसॉर्टवाले भाव विचारू लागले आहेत, आणि त्यावरून त्याचा आणि चुलत भावांचा दावा कोर्टात पडून आहे. पुढची तारीख सोमवारची होती, म्हणून विमानतळावर सोडायला दुसरी गाडी पाठवतो, असे त्याने आधीच सांगून ठेवले.